तुझ्या दशम्या बरोबर होत्या, पाण्याचं चुकलं

आई, काल मी पाच तास एका जागी बसलो. पाच तास अकरा मिनिटं. तू असतीस तर आधी हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "कुणी बांधून घातला होता?" तर हो, बांधूनच घातलं होतं. खांद्यावरून दोन पट्टे, कमरेवरून दोन, मध्ये एक बक्कल, डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण, आणि खाली तीन-चार हजार फूट नुसती हवा. ज्याचं बूड शाळेत चाळीस मिनिटं टेकत नव्हतं, जो नववीतून खिडकीवाटे निघून गेला, ज्याच्या पायाला भिंगरी आहे असं तू अख्ख्या गल्लीला सांगत फिरायचीस, तो तुझा पोरगा. आज सोमवार. बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या वर्कशॉपमध्ये जेवणाची सुट्टी आहे, सीटकव्हरचे नमुने कापतो त्या खाकी कागदावर लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

तुला आधी हे सांगायला पाहिजे की मी बेंगळुरूत काय करतो. दोन वर्षांत सात कामं सोडून झाल्यावर, म्हणजे होसकोट्यातली खोकी भरायची फॅक्टरी, एचएसआर लेआउटला घरोघरी जेवणाची पार्सलं, आणि अशीच बाकीची, मी गाड्यांची सीटकव्हरं शिवायला लागलो. मालक आपलेच मराठी, पण तीनशे-चारशे वर्षांपासून इथले. घरात मराठी बोलतात आणि निम्मं आपल्याला कळत नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. साठीचे आहेत, सुई ओवताना चष्मा लागतो, पण रविवारी हाच माणूस होसकोट्याच्या पुढं एका माळावर लोकांना ग्लायडर शिकवतो. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. लांब दोराला बांधून ते विंच नावाच्या यंत्रानं पतंगासारखं वर ओढायचं, वर गेलं की दोर सोडून द्यायचा, आणि मग आपलं आपण. उन्हानं जमीन तापते, गरम हवा वर चढते, ती शोधायची आणि घारीसारखं तिच्यात गोल गोल फिरायचं. सापडली तर वर, नाही सापडली तर पंधरा मिनिटांत खाली. अण्णांनी मला पहिल्यांदा तिथं सीटच्या गाद्या बसवायला नेलं. गाद्या बसवल्या, मग पंख धरायला लागलो, मग विंच चालवायला लागलो. सात कामं सोडणारा मी आठवं सोडेना, तेव्हा अण्णाच म्हणाले, "तुला स्वल्प वर नेऊन बघू का रे?" त्यासाठी दहावी पाहिजे म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून मी दहावी झालो, आई. दोनदा गणितात उडालो आणि तिसऱ्यांदा निघालो. हे तुला कुणी सांगितलं नसेल. मग रविवारी-रविवारी अण्णांबरोबर वर जाऊन शिकलो आणि एकटा उडायला लागलो.

या माळावर एक रीत आहे. एकट्यानं पाच तास वर राहून दाखवलं की तो माणूस खरा. अण्णा मला म्हणाले, "पाच तास कर. मग पुढच्या मोसमापासून तुझी जागा विंचवर नाही, वर. मोसम संपेपर्यंत नाही जमलं तर विंच चालव, तेही काम वाईट नाही." तेही काम वाईट नाही, हे ज्या आवाजात म्हणाले ना, तो आवाज मी ओळखतो. माझे मास्तर तुला असंच म्हणाले होते, पोरगा हातानं बरा आहे.

पाच तास म्हटलं की प्रश्न येतो खाण्यापिण्याचा. तिथले लोक मोठ्या पगारांचे, कॉम्प्युटरवाले, पण वर खायला काय न्यावं यात सगळे कच्चे. चॉकलेट नेतात, ते झाकणाखालच्या उन्हात वितळून नकाशाला लागतं. केळं नेतात, ते पट्ट्याखाली चेंगरतं. एकानं सकाळी पोटभर हरभऱ्याची उसळ खाऊन उड्डाण केलं. वर गेलं की पोटातला वायूसुद्धा फुगतो, हे त्याला तिथं कळलं आणि एक तासात खाली येऊन तो जो झाडाकडे पळाला! पुण्याची एक ताई आहे, एचएसआरला राहते, तिनं कुरमुऱ्यांचं पाकीट नेलं होतं. वर हवा पातळ, त्यामुळे पाकीट उशीसारखं टम्म झालं, तिनं दातानं फाडलं आणि फट्! सगळे कुरमुरे अंगावर, पायाखाली, विमान वळवायच्या दांड्याच्या खोबणीत. आम्ही तिघं दोन दिवस ब्रशनं काढत होतो. मी तेव्हाच म्हणालो, ताई, तुम्हाला काय न्यायचं ते मला माहीत आहे. आमच्या घरात हेच शास्त्र होतं.

होतं की नाही? माणदेशातले आठवडी बाजार, आज हे गाव, उद्या ते. तू पोत्यावर बसलेली, समोर बांगड्यांच्या माळा, आणि कुण्या बाईचा हात तुझ्या दोन्ही हातांत. "हात सैल सोड गं बाई, नवऱ्याला मारायला जायचं नाही." तिला बोलण्यात गुंतवून तू बांगडी कधी चढवायचीस ते तिला कळायचं नाही. अशात जेवायला उठणार कधी? म्हणून तुझ्या त्या दशम्या. कणकेत पाण्याचा थेंब नाही. दुधात गूळ विरघळवून त्यात मळलेली, मोहन सढळ, मंद तव्यावर तूप सोडून भाजलेली. आणि भाजायच्या आधी तू पोळीवर लहान पोरीची पितळी बांगडी दाबून एकेका घासाच्या चकत्या पाडायचीस. कुरतडून खाल्लं की चुरा पडतो, चुरा पडला की गिऱ्हाइकाच्या हाताला लागतो. एक चकती, एक घास, काम चालू. चार दिवस मऊ राहायच्या, उन्हात वितळायच्या नाहीत, चेंगरल्या तरी दशमीच. आई, अख्ख्या जगातल्या ग्लायडरवाल्यांना पाहिजे तो पदार्थ तू पोत्यावर बसून शोधून काढला होतास.

मी खोलीवर शेगडीवर त्या करायला शिकलो. पहिल्या दोन खेपा कौलासारख्या झाल्या. बांगडी नव्हती म्हणून वर्कशॉपमधल्या पाईपच्या तुकड्यानं चकत्या पाडल्या. तुझ्या कमरेला असायची तशी कप्प्याकप्प्याची चंची सीटकव्हरच्या रेग्झीनमधून शिवली. ती डाव्या बाजूला हुकाला टांगायची, एका कप्प्यात दशम्या, दुसऱ्यात शेंगदाण्याची चटणी लावलेल्या, तिसऱ्यात मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी. उजवा हात दांड्यावरून काढता येत नाही, त्यामुळे खायचं डाव्या हातानं. एकदा मी डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला तर तू उलथनं उगारलं होतंस. ते उलथनं मला वरही दिसतं, पण काय करणार.

आता चुकीचं सांगतो. महिन्यापूर्वी मी पाच तासांसाठी पहिल्यांदा वर गेलो तेव्हा दशम्या नेल्या आणि पाणी नेलं नाही. विसरलो नव्हतो. मुद्दाम. तुझंच वाक्य मनात होतं, "बाजारात पाणी प्यालं की उठावं लागतं." सकाळी घरून निघताना दोन घोट, मग दिवे लागेपर्यंत काही नाही. बायकांना जायला आडोसा नाही, मांडलेला माल सोडून जाता येत नाही, त्यापेक्षा प्यायचंच नाही. उलट त्याचा तुला अभिमान होता. बाकीच्या बायकांना सांगायचीस, मी उंटीण आहे. आणि मला वाटलं, मी उंटिणीचा पोरगा. सकाळपासून मीही दोनच घोट प्यालो. पहिले दोन तास राजासारखा फिरलो. तिसऱ्या तासाला दशमी जिभेवरून पुढं सरकेना. मग डोकं ठणकायला लागलं, पायात गोळे, आणि उंची दाखवणाऱ्या घड्याळाच्या सुया मला चार दिसायला लागल्या. मी कसा उतरलो मलाच माहीत नाही. धावपट्टीवर तीनदा आपटून तिरका थांबलो. झाकण उघडलं तर अण्णा समोर, चेहरा पांढरा.

"नीर किती प्यालास?" त्यांना पाणी म्हणायचं असलं की नीर येतं.

"नाही प्यालो, अण्णा."

"नाही म्हणजे?"

"आमची आई दिवसभर पीत नाही. सवय आहे आम्हाला."

अण्णांनी मला आजवर कधी शिवी दिली नव्हती. त्या दिवशी त्यांनी कन्नडमध्ये बरंच काही म्हटलं, आणि मग मराठीत म्हणाले, "गाद्या शिवतोस, दोर बांधतोस, सगळं नीट करतोस, आणि जे मशीन चालवतं ते डोकं वाळवून वर नेतोस? आईची सवय म्हणे! बाजारात डोकं फिरलं तर माणूस बसल्या जागी पडतं. तू कुठून पडणार होतास?"

त्यांना माहीत नव्हतं, पण तू बसल्या जागीच पडली होतीस. चैत्रातला बाजार, एका नवरीच्या हातात चुडा भरत होतीस, पाच बांगड्या चढल्या होत्या आणि सहावी तुझ्या हातातच राहिली. डॉक्टर म्हणाले, या बाईनं वर्षानुवर्षं तहान मारलीय, किडन्या गेल्या. त्यानंतर तू चार महिने होतीस, आणि त्या चार महिन्यांतसुद्धा दवाखान्याला जायच्या दिवशी, वाटेत कुठं जायचं म्हणून, पाणी नको म्हणायचीस. मी पंधराचा होतो. मी तांब्या पुढं करायचो आणि तू रागवायचीस, "सांगितलं ना नको, उगा मागं लागू नकोस." मी तांब्या ठेवून बाहेर निघून जायचो, कारण मला कुठं बसवत नव्हतं. तुझ्याजवळ तर अजिबातच नाही.

त्या तिरक्या उतरण्यानंतर ताईनं मला झाडाखाली बसवलं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी एक-एक घोट पाजलं, आणि म्हणाली, "लिसन, इथे निम्मे लोक हाच गाढवपणा करतात. वर लागली तर काय, म्हणून पीतच नाहीत. लाज वाटते. मला विचार ना."

मी आणखी एक घोट घेतला.

"मी डायपर घालते," ती म्हणाली. "मोठ्या माणसांचं. झालं, सांगितलं. तुम्हा पुरुषांना तर पिशवी पुरते. आता तू लाजणार आहेस की पाच तास करणार आहेस?"

पाठीमागून अण्णा म्हणाले, "मी चाळीस वर्षं पिशवी वापरतोय. मला बघून कुणाला कळलं काय?"

आणि आम्ही तिघं हसलो. मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तेवढं पाणी अंगात आहे म्हणजे मी वाचलो असं ताई म्हणाली. पण त्या रात्री खोलीवर माझ्या मनात तुझ्याशी भांडण सुरू झालं, ते कालपर्यंत चालू होतं. एक बाई दुसऱ्याच्या पोराला असं सरळ सांगते आणि पुढं चहा मागते. तुला हे सांगणारी एकसुद्धा बाई त्या सगळ्या बाजारांत भेटली नाही? तू शंभर बायकांचे हात धरलेस, त्यातल्या प्रत्येकीला हेच दुखणं होतं, आणि तुम्ही सगळ्या उंटिणी.

तर काल. मोसमाचा शेवटून दुसरा रविवार, आणि पुढच्या रविवारी ढग भरून येणार असं सगळे म्हणत होते, म्हणजे माझ्यासाठी शेवटचाच. तीन लिटर पाणी पाठीमागं, त्याची नळी खांद्यावरून तोंडाशी. कॉफी बंद. बेंगळुरूच्या माणसाला सकाळची कॉफी नाही म्हणणं म्हणजे पाप, पण अण्णांनी माझा पेला स्वतः पिऊन टाकला. अकराला दोर सुटला. घड्याळाच्या दर अर्ध्या तासाला चार घोट, तहान असो नसो. आणि रेडिओवर अण्णा.

"किती झाले?"

"दोन तास, अण्णा."

"नीर?"

"प्यालो."

"खोटं बोलू नको."

"तुमची शपथ, अण्णा."

मधेच ताईचा आवाज, "ए, रेडिओवर शपथा घेऊ नका रे!"

तीन तास चाळीस मिनिटांना माझ्यावर सावली पडली. मोठा ढग पसरला, खालची जमीन निवली, आणि वर नेणारी हवा कुठंच सापडेना. अडीच हजार फूट, दोन हजार, बाराशे. आठशेच्या खाली गेलं की उतरायचंच, तो नियम आहे. मी फिरतोय आणि ग्लायडर जिन्यावरून उतरावं तसं उतरतंय. खाली अण्णांनी नीर विचारायचंही सोडलं होतं. इथंच आई, इथंच त्या दिवशी मला चार सुया दिसत होत्या. काल एकच होती. हजारावर. डोकं स्वच्छ, जीभ ओली. मी एक दशमी तोंडात टाकली, डाव्या हातानं, आणि चावता चावता चहूकडं बघितलं, घाई न करता. उत्तरेला ग्रॅनाईटची खाण आहे, उघडा दगड, दिवसभर तापलेला. ढगाची सावली अजून तिच्यावर गेली नव्हती. आणि तिच्यावर एक घार, पंख न हलवता, वर चाललेली. मी तिकडं वळलो. नऊशे फुटांवर खाणीच्या काठाशी पोचलो आणि डाव्या पंखाखाली कुणीतरी खांदा लावावा तसा धक्का बसला. वळवलं. गोल, आणखी गोल. हजार. अकराशे. घारीनं मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं, हा कोण नवीन, म्हणून. पंचवीस मिनिटांनी मी साडेचार हजारांवर होतो आणि एकटाच मोठमोठ्यानं ओरडत होतो. अण्णांनी फक्त एवढंच विचारलं, "नीर?"

खरं अवघड त्यानंतरचं. चार तास उलटले आणि मला ते झालं जे मला सगळीकडं होतं. शाळेत व्हायचं, फॅक्टरीत व्हायचं, तुझ्या खाटेजवळ व्हायचं. पायांत मुंग्या, मांड्या तडतडतात, आणि आतून कुणीतरी म्हणतं, ऊठ, चल, इथं काय आहे. खाली यायला डावीकडचा दुसरा एक दांडा ओढायचा, दहा मिनिटांत पाय जमिनीवर. मी त्या दांड्याकडं बघत होतो. मग मला कळलं, यातली निम्मी मुंगी ही मुंगी नव्हतीच. लागली होती! इतकी लागली होती की जीव कुठंच रमत नव्हता. पिशवी काढली. पट्ट्यांत बांधलेल्या माणसानं, एका हातानं, गोल फिरत्या विमानात ते कसं केलं ते मी इथं लिहीत नाही, पण झालं, आणि एक थेंब सांडला नाही. आई, चार हजार फुटांवर मी उंटिणीचा पोरगा असणं सोडलं. आणि त्यानंतर पुढचा तास असा गेला की काय सांगू. खाली तळी चकाकत होती, नाचणीची कापलेली रानं, फुलांच्या शेतांची पांढरी छपरं, आणि मी मधूनमधून दशम्या खात, पाणी पीत, दुसऱ्यांदा पिशवी लागेल का याचा विचार करत निवांत.

पाच झाले तेव्हा रेडिओवर ओरडा झाला. अण्णा म्हणाले, "आता ये खाली." आणि मी म्हणालो, "स्वल्प थांबा, अण्णा." आयुष्यात पहिल्यांदा मला कुठून उठावंसं वाटत नव्हतं. वरची अकरा मिनिटं ती.

उतरलो ते लोण्यासारखा. सगळे पळत आले, ताईनं मिठी मारली, कुणीतरी डोक्यावर बादली ओतली. अण्णांनी चंचीतल्या उरलेल्या दोन दशम्या खाल्ल्या, बोटं चाटली आणि म्हणाले, "पुढच्या मोसमात विंचला दुसरा माणूस बघायला पाहिजे." एवढंच. मग गाडीकडं जाता जाता थांबले आणि मला म्हणाले, "आईला आजच कळव. पोरगा पाच तास बसला म्हणावं. आणि माझं नाव सांगून तिला सांग, तूही पाणी पीत जा. बाजारात बसलीस तरी पी. ऐकेल ना ती?"

"सांगतो, अण्णा," मी म्हणालो.

तू नाहीस हे मी त्यांना कधी सांगितलेलंच नाही. आधी विषय निघाला नाही, आणि निघाला तेव्हा मी आमची आई पीत नाही असं म्हणून बसलो होतो. आज सकाळी दुकान उघडताना त्यांनी विचारलं, "कळवलंस काय?" मी म्हटलं, दुपारी लिहितो. तेवढं तरी खरं केलं. सुट्टी संपली, मशीन सुरू झाली, कागद घडी करून खिशात ठेवतोय. त्यांनी पुन्हा विचारलं तर, ऐकलं म्हणाली, असं सांगणार आहे.